अजिंक्यताऱ्याच्या आधी सपाट रस्ता: व्यायाम सुरू करून टिकवायचा कसा

दिवाळी संपून थंडी पडली की साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवर पहाटे गर्दी वाढते. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, गळ्यात मफलर. पहिल्याच दिवशी गडावरच्या मंगळाई देवीपर्यंत जाऊन यायचं, असा निश्चय असतो आणि बरेच जण तो पुराही करतात. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, आणि आठवडाभरात ‘आता सोमवारपासून’ सुरू होतं. संक्रांतीपर्यंत वाटेवर पुन्हा जुनेच चेहरे उरतात.

आपल्या जिल्ह्याला व्यायामाचं वावडं नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कुस्तीचं ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर माणदेशातल्या मोहीची. २०२३ मध्ये तिरंदाजीत जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याची. पण खेळाडू घडणं वेगळं आणि तुमच्या-माझ्यासारख्या दुकान, ऑफिस, शेत, संसार सांभाळणाऱ्या माणसानं रोज अर्धा तास हालचाल करणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये ४२ टक्के.

व्यायाम चांगला असतो हे या सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते दुसरीकडे. निश्चय मोठा करतात आणि त्याची व्यवस्था काहीच लावत नाहीत. म्हणून या लेखात व्यायामापेक्षा व्यवस्थेबद्दल जास्त लिहिलं आहे. क्रमानं करत जा.

सुरू करण्याआधी: तब्येतीचा अंदाज

धडधाकट माणसाला सपाट रस्त्यावर चालायला लागण्यासाठी तपासण्या कराव्या लागत नाहीत. पण हृदयाचा आजार, रक्तदाब, मधुमेह, दमा, गुडघ्याचं किंवा कमरेचं जुनं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण यातलं काही असेल तर आपल्या डॉक्टरांशी आधी बोला. चाळिशी उलटली आहे, अनेक वर्षं बैठं काम झालंय आणि एकदम धावायचं किंवा गड चढायचा विचार आहे, त्यांनीही बोलावं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालताना खाली येऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोकं हलकं होणं ही त्याची लक्षणं. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा, आणि उपाशीपोटी चालायचं की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, भोवळ असं काही झालं तर तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा. ‘अॅसिडिटी असेल’ म्हणत घरी चालत जाऊ नका.

किती करायचं

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला सोपा आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं जोराची. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. ६५ च्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस किंवा जास्त करावेत. मुलांना रोज सरासरी तासभर.

मध्यम श्रम ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. दोन-चार शब्दांतच श्वास घ्यावा लागला तर तो जोराचा. साताऱ्यात हे लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे, कारण आपलं गावच उतारावर वसलंय. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालात की रस्ता चढत जातो, आणि सपाटीवर मध्यम वाटणारा वेग चढावर आपोआप जोराचा होतो.

रोजच्या दहा हजार पावलांचा आग्रह सोडून द्या. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला. त्याहून कमी पावलांचाही चांगला फायदा होतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटं सलग चालायला हवं असं म्हणत, २०२० च्या सल्ल्यात ती अटही काढून टाकली. भाजी आणायला चालत जाणं, एसटी स्टँडपासून घरापर्यंत पायी येणं, हे सगळं धरायचं. शेतात दिवसभर खुरपणारी, ऊस तोडणारी माणसं तर या हिशेबाच्या कितीतरी पुढे आहेत. त्यांना हा लेख वाचून आणखी चालायला लावू नये.

जागा, वेळ आणि त्याआधीचं काम ठरवा

ही पायरी बारकाईनं करा. बाकीचं सगळं हिच्यावर उभं राहतं.

‘रोज सकाळी चालणार’ हे वाक्य पुरेसं नाही. कागदावर असं लिहा: ‘सकाळी दूध तापवून गॅस बंद केला की मी बूट घालीन आणि शाहू क्रीडा संकुलात जाईन.’ आधी रोज घडणारं एक काम, त्याला लागून व्यायाम, आणि ठरलेली जागा. माणसाला ठरवावं लागलं की तो टाळतो. ठरलेलंच असेल तर पाय आपोआप निघतात. असे ‘हे झालं की ते करीन’ या पद्धतीचे बेत जास्त पाळले जातात, हे मानसशास्त्रातल्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

जागा निवडताना दोनच गोष्टी पाहा: सपाट आहे का, आणि घरापासून दहा मिनिटांच्या आत आहे का. क्रीडा संकुल, तालीम संघाचं मैदान, जिल्हा परिषदेचं मैदान, नाहीतर तुमच्या कॉलनीतला अंतर्गत रस्ता. यवतेश्वरचा घाट सुंदर आहे, पण गाडी काढून जावं लागत असेल तर रोजच्यासाठी तो निरुपयोगी. रविवारसाठी ठेवा. सकाळी अंधारात निघणार असाल तर फिक्या रंगाचे कपडे घाला आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. मोकाट कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, डोळ्याला डोळा न देता हळू मागे सरका.

वेळेचा प्रश्न बायकांच्या बाबतीत जास्त अवघड असतो आणि त्यावर नुसतं ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं सांगणं मला पटत नाही. सकाळी नळाला पाणी येतं, डबे करायचे असतात, सासूबाईंची औषधं, मुलांची रिक्षा. तो तास तिचा नसतोच. तेव्हा बेत घरानं मिळून करायचा. आठवड्यातले तीन दिवस चहा आणि एक डबा नवऱ्याकडे, हे बोलून, वार ठरवून मोकळं व्हा. ते जमत नसेल तर मुलांना शाळेच्या गाडीत बसवून आल्यावर घरात न शिरता तसंच पुढे चालायला लागा. एकदा आत गेलं की कामं हाताला धरतात. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीचा अर्धा तासही चालतो. अमुक वेळेलाच व्यायाम केला तर लागू पडतो, असं नाही. जी वेळ टिकते ती तुमची.

साडी किंवा पंजाबी ड्रेसवर बूट घालायला संकोच वाटतो, असं कितीतरी काकू-वहिनी सांगतात. चार दिवस लोक बघतात, पाचव्या दिवशी बघत नाहीत. बूट मात्र हवेतच. महाग नकोत, पण तळ मऊ, टाच घट्ट आणि अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा असलेले घ्या. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाच दुकानात जाऊन घालून बघा.

पहिले आठ आठवडे

पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस फक्त पंधरा मिनिटं चाला. ‘एवढ्यानं काय होणार’ असं वाटेल. वाटू द्या. या दोन आठवड्यांत वजन कमी करायचं नाही, दमही वाढवायचा नाही, फक्त घराबाहेर पडायचं वळण लावायचं आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस मिनिटं, पाचव्या-सहाव्यात पंचवीस, सातव्या-आठव्यात तीस. पाच दिवस तीस मिनिटं झाली की दीडशे मिनिटं भरली. पहिली आणि शेवटची दोन-तीन मिनिटं हळू चाला.

जास्त चालावंसं वाटलं तरी पहिल्या महिन्यात यापेक्षा वाढवू नका. उत्साहाच्या भरात एक तास चालून दुसऱ्या दिवशी अंग मोडून पडलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. ठरल्यापेक्षा थोडं आधी थांबलं की उद्या यायची ओढ राहते.

वजनकाटा पहिले दोन महिने बाजूला ठेवा. ६५ किलोच्या माणसाच्या अर्ध्या तासाच्या मध्यम चालण्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. फेरीनंतर मित्रांबरोबर एक प्लेट मिसळ आणि पाव खाल्ले तर त्याहून जास्त परत येतात. चालणाऱ्यांच्या कट्ट्यावरचा नाश्ता बंद करा असं म्हणत नाही, ती मैत्रीही माणसाला सकाळी उठवते. फक्त रोज नको, आणि काटा हलला नाही म्हणून चालणं फुकट गेलं असं समजू नका. पहिले फायदे दुसरीकडे दिसतात: झोप लागते, जिन्यात दम लागत नाही, पोट साफ होतं, जेवणानंतरची साखर उतरते. मधुमेह असलेल्यांनी रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तर त्या जेवणानंतरची साखर कमी चढते. या एका सवयीसाठी मी लोकांच्या हातापाया पडायला तयार आहे.

दुखण्याबद्दल एवढं लक्षात ठेवा. नवीन हालचालीनंतर स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात आणि मग उतरतात. दोन्ही पायांत सारखं, दाबल्यावर जाणवणारं दुखणं साधं असतं, त्यावर हलकं चालणंच औषध. सांध्यात टोचणारं, एकाच बाजूचं, सूज असलेलं किंवा पाऊल टाकताना वाढणारं दुखणं वेगळं. तेव्हा थांबा आणि दाखवून घ्या.

कुणाला तरी बांधून घ्या

एकट्यानं टिकवणारी माणसं असतात, पण थोडी. शेजारची वहिनी, ऑफिसातला सहकारी, निवृत्त झालेले काका, कुणी तरी एक जण गाठा आणि भेटण्याची जागा ठरवा: ‘सहा वाजता मारुतीच्या देवळापाशी.’ फोनवरच्या ग्रुपपेक्षा थंडीत कुडकुडत तुमची वाट बघणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. सोबती तुमच्यापेक्षा फार वेगवान नसावा. तो पुढे जातो, तुम्ही फरपटत जाता, आणि महिन्याभरात दोघंही वेगवेगळी कारणं सांगू लागता.

घरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच. ज्या दिवशी चाललात त्या तारखेवर खूण करा. घड्याळं, अॅप हे हौसेचे भाग आहेत, असतील तर वापरा.

ताकद: ही पायरी गाळू नका

चालणं जमलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. पण पस्तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, आणि म्हातारपणी जमिनीवरून उठता न येणं, न्हाणीघरात पडणं, यामागे तेच असतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातले दोन दिवस, सलग नव्हे, वीस मिनिटं यासाठी ठेवा.

घरच्या घरी चार गोष्टी पुरतात. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं-बसणं. भिंतीला हात टेकून जोर. कठड्याला धरून टाचा उचलणं. आणि दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या घेऊन कंबरेतून न वाकता खांद्यापर्यंत उचलणं. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. बारा वेळा सहज व्हायला लागलं की अवघड करा: खुर्चीऐवजी बुटका पाट, भिंतीऐवजी ओट्याची कड. श्वास रोखू नका, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी.

सूर्यनमस्काराचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ते शाळाशाळांत नेले, त्यावर लिहिलं, व्याख्यानं दिली. त्याआधी तालमींत जोर-बैठका होत्याच. सूर्यनमस्कारात ताकद, लवचिकपणा आणि दम तिन्ही येतात. नवख्यांनी दोन-तीन नमस्कारांपासून सुरुवात करून दर आठवड्याला एखादा वाढवावा. १०८ नमस्कारांचा संकल्प पहिल्या महिन्यात करू नये. मनगट, खांदा किंवा पाठ दुखत असेल तर जाणत्या शिक्षकाकडून एकदा दुरुस्त करून घ्या. जवळ तालीम चालू असेल आणि वस्ताद नवख्यांना घेत असतील, तर तरुण मुलामुलींनी तिथे जरूर जावं. महागड्या जिमची वर्षाची फी एकदम भरू नका. आधी महिन्याची भरा, टिकताय का ते बघा.

साठीच्या पुढच्यांनी यात एक भर घालावी: ओट्याला हात टेकवून एका पायावर दहा-पंधरा सेकंद उभं राहणं, मग दुसऱ्या पायावर. रोज, चहा उकळेपर्यंत.

खंड पडेल, तो आधीच धरून चाला

लग्नसराई येते. गळीत हंगामात शेतकरी घराला उसंत नसते. पोरांच्या परीक्षा, गावची जत्रा, ताप-सर्दी. आणि सगळ्यात मोठा खंड पाडतो तो आपला पाऊस. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत साताऱ्यात, विशेषतः पश्चिमेच्या अंगाला, सकाळचं चालणं कितीदा तरी हुकतं. म्हणून पावसाळ्याचा बेत मे महिन्यातच करून ठेवा. इमारतीचा जिना, वाहनतळ, घराचा लांब व्हरांडा, जागच्या जागी चालणं. पाऊस असेल तर पंधरा मिनिटं जिना आणि त्या दिवशीचे ताकदीचे व्यायाम, हे आधीच लिहून ठेवलेलं असावं. पावसात अजिंक्यताऱ्याच्या पायवाटा शेवाळानं निसरड्या होतात, तिकडे नवख्यांनी जाऊ नये. पावसाळा सरताना, कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग असते आणि वर धुकं. ते दिवस घाट टाळा.

‘२१ दिवस केलं की सवय लागते’ असं ऐकून लोक बाविसाव्या दिवशी निराश होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी सवय लागायला किती वेळ लागतो हे मोजलं, तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली ६६ दिवस. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातच दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा एक दिवस चुकला तर हळहळू नका, भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पटही करू नका. फक्त सलग दुसरा दिवस चुकवायचा नाही. पाहुणे आले, रात्र जागरणात गेली, तरी पाच मिनिटं बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या आणि तारखेवर खूण करा.

दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला तर जिथे थांबलात त्याच्या निम्म्यापासून पुन्हा सुरू करा, आठवडा-दोन आठवड्यांत आधीच्या ठिकाणी पोचाल. तापातून उठल्यावर अंगात कणकण असेपर्यंत अजिबात घाई नको.

मग अजिंक्यतारा

तीस मिनिटं सलग, बोलत-बोलत चालता यायला लागलं की नवव्या आठवड्यापासून चढ घ्या. आधी रोजच्या वाटेत एखादा छोटा चढ दोनदा. मग रविवारी गडाच्या उतारावरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत. तिथून शहर बघत जरा टेका, दम किती लागला ते पाहा. दोन-तीन रविवार तेवढंच. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ३३०० फुटांवर आहे, आणि दरवाजाजवळपर्यंत डांबरी रस्ताही जातो. पहिल्यांदा पायवाटेपेक्षा त्याच रस्त्यानं जावं, चढ एकसारखा मिळतो आणि मधेच परत फिरता येतं.

चढताना हृदयाला श्रम पडतात, पण दुसऱ्या दिवशीची दुखणी मुख्यतः उतारानं येतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जाता-जाता भार पेलतात आणि गुडघ्यावरही दाब वाढतो. म्हणून उतरताना पळू नका. छोटी पावलं टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, गरज वाटली तर काठी घ्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी चढून जावं आणि परतताना कुणाला तरी गाडी घेऊन बोलवावं. त्यात कमीपणा काही नाही.

इथवर आलेल्या काहींना पुढची हौस लागते. २०१२ पासून साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातून हिल हाफ मॅरेथॉन होते, २१ किलोमीटरची, अर्धी वाट चढाची. तिच्यात पळायचं असेल तर आधी पाच किलोमीटर सपाटीवर न थांबता पळता यावं, मग दहा, आणि त्यानंतर घाटातल्या सरावाला निदान तीन-चार महिने हातात असावेत. पळायची आवड नसेल तर नाव नोंदवायची काही गरज नाही. आठवड्याला पाच दिवस तीस मिनिटं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढ्यावर वर्षानुवर्षं राहिलात तरी शरीराची मागणी पूर्ण होते. रविवारी गडावर गेलात तर मंगळाईच्या दर्शनाला जाताना एखाद्या नवख्याला सोबत घ्या, आणि पहिल्या दिवशी त्याला चार भिंतींपाशीच थांबवा.